भोपळ्याला दाखवलेलं बोट

ती बाई मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. तिने माझं काही वाईट केलं होतं असं नाही. ती माझ्या घरी आली, चहा प्यायली, बिस्किट चहात बुडवून खाल्लं, आणि जाता जाता भिंतीला टेकून ठेवलेल्या माझ्या फळ्यावर खडूच्या चार रेघांत एक मांजर काढून गेली. मुलं त्या मांजरासमोर संध्याकाळपर्यंत बसून होती. त्याच फळ्यावर सकाळी मी गिरवलेला 'म' होता. तिने तो पुसला नव्हता, शेपटीच्या बाजूला तसाच ठेवला होता. पण त्याच्याकडे एकाही मुलाने पाहिलं नाही.

एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीला मी रत्नागिरीकडच्या गावातून कतारमध्ये, दोह्याला आले. आमचे हे तेलाच्या कंपनीत कारकून होते. गावात मी मराठी सातवी, म्हणजे फायनल पास झाले होते आणि लग्न ठरेपर्यंत मुलींच्या शाळेत शिकवतही होते. दोह्यात तेव्हा आपल्या मुलांसाठी शाळा म्हणून काही नव्हतं. आमच्या गल्लीत आणि पुढच्या दोन गल्ल्यांत आमच्याच बाजूची, रत्नागिरीतली आणि कुलाब्यातली म्हणजे आताच्या रायगडमधली काही मुसलमान घरं होती. कोणी दुकानदार, कोणी कारकून, कोणी फिटर. त्यांची पोरं दिवसभर उन्हात उंडारायची, अरबी पोरांबरोबर 'यल्ला, यल्ला', म्हणजे 'चल, चल', करत गोट्या खेळायची, आणि मराठी अक्षर त्यांच्या नजरेलाही पडत नव्हतं. मी त्यांना आमच्या बाहेरच्या खोलीत चटईवर बसवायला लागले. बायका मला 'भाभी' म्हणायच्या, पण मुलं 'बाई' म्हणायची. त्या एका शब्दावर मी दिवसभर हवेत असायची. परक्या मुलखात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं.

त्या मुलांत माझी मुलगीही होती, सहा वर्षांची. इतरांची पोरं माझ्या हाताखाली वाचायला लागली, आणि माझी स्वतःची मुलगी मात्र 'क'पाशी अडून बसलेली. मी समोर बसले की तिची नजर दाराबाहेर जायची. रागावले की ओठ घट्ट मिटायची. ह्यांचं म्हणणं सरळ होतं. उन्हाळ्यात रजा मिळाली की गावी जायचं, आणि तोपर्यंत ही वाचायला लागली नाही तर तिला आजीआजोबांकडे ठेवून यायचं. तिथे शाळा आहे, मास्तर आहेत. ह्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. आखातात नोकरी करणारे सगळे तेच करायचे. पोरं तिकडे, आईबाप इकडे, दोन वर्षांनी एकदा तोंडं बघायची. मी 'बरं' म्हटलं आणि आत जाऊन कणीक इतकी मळली की चपात्या चामड्यासारख्या झाल्या.

अशा वेळी ही बाई आली. तिचा नवरा वेल्डर, हातात कसब असलेला माणूस. ती महाडकडची. मुंबईत मामाकडे राहून चित्रकलेच्या परीक्षा दिलेली. तिच्या पेटीत रंगांच्या वड्या होत्या, खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश होते, आणि गुंडाळून ठेवलेले पांढरे कागद होते. तिचे दोन मुलगे तिच्या आईकडे शिकायला ठेवलेले होते, हे तिने पहिल्याच चहाला सांगितलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. मला तेव्हा तिचे मुलगे दिसत नव्हते, फक्त ते मांजर दिसत होतं.

दुपारी तास-दोन तास मुलांजवळ बसू का, असं तिने विचारलं. हे तिथेच होते. 'वा, उत्तम,' म्हणून मोकळे झाले. पाहुणीसमोर मी नाही कशी म्हणणार होते? चार दिवसांत मुलांनी आमची वाटणी करून टाकली. मी 'वाचायच्या बाई' आणि ती 'चित्रांच्या बाई'. माझ्या तासाला मुलं जांभया द्यायची, तिची चप्पल दारात वाजली की ताठ बसायची. माझी मुलगी तर तिच्या गुडघ्याला टेकूनच बसायची. माझ्या गुडघ्याला ती कधी टेकली होती ते मला आठवत नव्हतं. माझा जळफळाट व्हायचा, आणि तो झाकण्यासाठी मी त्या बाईला दुप्पट साखरेचा चहा द्यायची.

भोपळ्याचं प्रकरण एका चित्रामुळे सुरू झालं. तिने मुलांना सांगितलं की बाजारात जे जे दिसतं ते कुठे वाढतं ते काढा. मुलांनी खजूर बरोबर काढला, तो त्यांनी झाडावर पाहिला होता. पण लाल भोपळा? दोह्यातल्या भाजीवाल्याकडे तो कापून, फोडी करून ठेवलेला असायचा. बहुतेक पोरं इथेच जन्मलेली, नाहीतर कडेवर असताना आलेली. त्यांनी एक झाड काढलं आणि त्याच्या फांद्यांना भोपळ्याच्या फोडी टांगल्या. लाल, तिकोनी, बियांसकट. एकाने तर झाडाऐवजी आगबोट काढली आणि सांगितलं की भोपळा हिच्यात वाढतो.

ती बाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मला हसू आलं नाही. माझ्या मुलीनेही फोडीच टांगल्या होत्या. गावात आमच्या गोठ्याच्या छपरावर भोपळ्याची वेल इतकी माजायची की खालची कौलं दिसायची नाहीत, आणि माझ्या पोटची पोर भोपळा फांदीवर फोडीफोडीने लावत होती. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की आपण भोपळा लावायचा, त्याचा धडा लिहायचा आणि वाचायचा. ती बाई लगेच म्हणाली की धड्याची चित्रं ती मुलांकडून करून घेईल. तेवढ्यातही तिला वाटा हवाच होता.

आमच्या अंगणात तेलाचं एक रिकामं पिंप होतं, ते ह्यांनी आडवं कापून आणलं. शेजारच्या अरबी घरातून शेळ्यांच्या लेंड्या मिळाल्या. त्या घरची म्हातारी आमचा उद्योग बघायला आली, पिंपात डोकावली आणि 'इन्शाल्ला' म्हणून निघून गेली. माती वाळूच होती, पण लेंड्या आणि भाजीची सालं घालून घालून जरा मऊ झाली. गोडं पाणी टाकीच्या गाडीने यायचं, म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी वेलीसाठी राखायचं असं मी ठरवलं. थंडीच्या तोंडाला मुलांनी एकेक बी पेरलं. टोक खाली करून कसं खोचायचं ते मी दाखवलं, आणि त्या दिवशी तरी सगळी माझ्याकडे बघत होती.

धडा मी सिमेंटच्या पिशव्यांच्या कागदावर लिहिला. पिशवी उलटी करून, झटकून, बोरूने मोठाली अक्षरं. 'बी मातीत झोपले. पाणी आले. बी जागे झाले. दोन पाने वर आली. वेल सरसर चालली. वेलीला पिवळे फूल आले. फुलाखाली भोपळा बसला.' माझं अक्षर गावात वाखाणलं जायचं. तो कागद भिंतीवर लावला तेव्हा मला वाटलं, आता बघू कोण चित्रांकडे बघतं ते. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने त्याच कागदाच्या कडेने वेल काढायला घेतली. मुलं एकेक पान रंगवत होती. आठवड्याभरात ती वेल माझ्या ओळींमधून वळणं घेत हिंडायला लागली. चित्र सुंदर होतं, ते मी नाकारत नाही. सुंदर होतं म्हणूनच मला झोंबत होतं.

पिंपातली वेलही चालायला लागली. खरखरीत पानं, आधार शोधणारे तिचे कोवळे तणावे. मुलं रोज सकाळी आधी अंगणात जायची, मग चटईवर. माझी मुलगी भिंतीवरच्या धड्यासमोर उभी राहून घडाघडा म्हणायला लागली, बी मातीत झोपले, पाणी आले. मला वाटलं, जमलं. रात्रीच्या जेवणाआधी मी ह्यांना बोलावून ऐकवलं. ह्यांनी ऐकलं, उठले, आणि कागदावरच्या चित्रांवर वर्तमानपत्र धरून एका शब्दावर बोट ठेवलं. "हे काय आहे, बेटा?"

ती वर्तमानपत्राखाली डोकवायला लागली. तो शब्द 'पाणी' होता. दोन अक्षरं. तिने सगळा धडा पाठ केला होता आणि चित्रं बघून कुठे काय म्हणायचं ते ठरवत होती. हे हसले, "भोपळा मिळाला तुला, शून्य," म्हणाले आणि तिचा गालगुच्चा घेतला. मी हसले नाही. मला फक्त उन्हाळा दिसत होता, गावचं अंगण दिसत होतं, आणि त्या अंगणात मला टाटा करणारी ती. सगळा राग त्या बाईच्या रंगाच्या पेटीवर गेला. चित्रं नसती तर हिला अक्षरांकडे बघावंच लागलं असतं. ही बाई माझी मुलगी माझ्यापासून तोडतेय, असं मी ह्यांना बोलूनही दाखवलं. हे म्हणाले, वेडी आहेस का. त्या बाईच्या बाजूने बोलणारा माणूस घरातच निघाला.

मग फुलं आली. दोह्याच्या त्या करड्या अंगणात ती पिवळी फुलं बघून माझाही जीव हरखला. काही फुलं नुसत्या दांड्यावर होती. काहींच्या खाली सुपारीएवढा हिरवा भोपळा आधीच बसलेला होता, धड्यात लिहिलं होतं तसाच. मुलं नाचली. मी त्यांना लगेच आमच्याकडचा नियम सांगितला. कोवळ्या फळाला बोट दाखवायचं नाही, दाखवलं की ते कुजतं. दाखवायचंच असेल तर बोट मुडपून, पेराने दाखवायचं. माझ्या आजीने मला तसं सांगितलं होतं आणि कोकणातल्या कुठल्याही आवारात आजही तसंच सांगतात. मुलं बोटं मुडपून हिंडायला लागली. एक जण तर घासही तसाच घ्यायला लागला.

तरीही सुपारीएवढे भोपळे पिवळे पडले आणि गळले. पहिला गळला, दुसरा गळला, मग जो येईल तो गळायचा. मुलं तो सुकलेला गोळा तळहातावर घेऊन माझ्याकडे यायची. मी विचार केला आणि मला कारण सापडलं. ती बाई मुलांना वेलीभोवती बसवून फुलं रंगवून घ्यायची, आणि हातातला ब्रश फुलाकडे रोखून 'ही पाकळी बघा, हा देठ बघा' करायची. मुलंही ब्रश रोखायची. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की हे थांबलं पाहिजे. तीही कोकणातली, तिला नियम ठाऊक होता. ती म्हणाली, "भाभी, बोट नाय दाखवत आम्ही. ब्रश हाय तो."

"ब्रश काय नि बोट काय. दाखवणं ते दाखवणंच."

"मग तुमची काडी?" ती म्हणाली. "तुम्ही रोज सकाळी काडी लावून 'भोपळा' दाखवता ती?"

मुलांपैकी कोणीतरी फिसकन हसलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कागदावरचा भोपळा कुजत नाही, असं मी म्हणाले, आणि त्या दिवसापासून वेलीच्या जवळ ब्रश न्यायला बंदी घातली. अंगण माझं, पिंप माझं, तांदळाचं पाणी माझं. तिने ब्रश गोळा केले. मुलांना घेऊन आत बसली आणि आठवणीने फुलं काढायला लावली. सगळ्यांनी फुलंच काढल्यामुळे तिच्या पेटीतली पिवळी वडी संपून गेली. कोणी मुंबईहून येईपर्यंत दुसरी मिळायची नव्हती. मुलं लाल फुलं काढायला लागली. मला त्याचंही समाधान वाटलं.

एका सकाळी नमाज आटोपून मी तांदळाचं पाणी घेऊन अंगणात गेले तर माझी मुलगी पिंपापाशी उकिडवी बसलेली. हातात त्या बाईचा ब्रश. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून ती एवढ्या लवकर उठली होती. एका फुलात ब्रश खुपसून ती तो गोल गोल फिरवत होती, मग बाहेर काढून शेजारच्या फुलात खुपसत होती, मग तिसऱ्या. मी पाण्याचं भांडं तिथेच आपटलं. माझा हात वर गेला होता.

"बोट नाही दाखवलं, अम्मा," ती घाईघाईने म्हणाली. "ब्रश आत घातला. आत पिवळा रंग आहे. बाईंचा संपलाय ना."

मांडीवरच्या कागदावर खरोखरच पिवळा फराटा होता. फुलातली पूड ओली करून तिने फूल रंगवलं होतं. त्या बाईसाठी. माझ्यासाठी तिने कधी एक अक्षर काढलं नव्हतं, आणि तिच्या पेटीतला रंग संपला म्हणून ही अंधारात उठून फुलं उपसत होती. मी हात खाली घेतला, कारण मारलं असतं तर रडले मीच असते. ब्रश काढून घेतला आणि तिला आत पाठवलं.

त्यानंतर एक भोपळा मात्र गळला नाही. मी रोज पाहायची, आज पिवळा पडेल, उद्या पडेल. तो लिंबाएवढा झाला, मग मुठीएवढा. त्याच्या पलीकडे आणखी एक धरला. बाकीचे गळले, हे दोन राहिले, आणि दोन्ही त्या सकाळच्या फुलांखालचे. पाटावर बसून मी डाळ निवडत होते तेव्हा मला एकदम गावच्या शाळेतला एक धडा आठवला. मधमाशी एका फुलातली पूड अंगाला माखून दुसऱ्या फुलात नेते आणि मगच फळ धरतं. मी तो धडा मुलींकडून पाठ करून घेतला होता. गावात मधमाश्या इतक्या की त्यांच्याकडे वेगळं बघावं लागलं नाही. आमच्या दोह्याच्या अंगणात मधमाशी कुठली? मी तिथे एकही पाहिली नव्हती. भोपळे बोटाने गळत नव्हते. उपाशी राहून गळत होते, आणि त्यांना जगवलं होतं त्या बाईच्या ब्रशाने.

मला ते मुळीच आवडलं नाही. पण भिंतीवरचा धडा अपुरा होता, आणि अपुरा धडा मुलांपुढे टांगून ठेवणं मला जमणारं नव्हतं. मी तेवढी तरी मास्तरीण होते. मुलांना मी सगळं सांगितलं. त्यांना दोन तऱ्हेची फुलं दाखवली, मुडपलेल्या बोटानेच, कारण सवय जात नाही. मुलं ओरडली की चित्रांच्या बाईंच्या ब्रशाने भोपळा लागला. मला हे ऐकावं लागणार हे ठाऊकच होतं. मग मी नवा कागद घेतला आणि लिहिलं, 'इथे मधमाशी नाही. ब्रश मधमाशी झाला. एका फुलाची पूड दुसऱ्या फुलाला लागली. भोपळा राहिला.' शाई वाळायला कागद चटईवर ठेवला. त्या बाईला तो चित्रांसाठी इतक्यात द्यायचा नाही, असं मनाशी ठरवलं होतं.

स्वयंपाकघरातून परत आले तर कागद नाही आणि मुलगीही नाही. ती कुठे असणार हे विचारायची गरज नव्हती. ती बाई दोन घरं सोडून राहायची. दार अर्धं उघडं होतं, आणि आतून आवाज येत होता.

"इ... थे. इथे. म... ध... मा... शी." मग थांबून, "मधमाशी. इथे मधमाशी ना... नाही."

मी दाराबाहेर थांबले. आत ती बाई सुपात तांदूळ घेऊन बसली होती, पण तिचे हात थांबलेले. माझी मुलगी जमिनीवर कागद पसरून पालथी पडली होती आणि अक्षराखाली बोट सरकवत होती. कागदावर एकही चित्र नव्हतं. 'ब्रश'पाशी ती अडखळली, पुन्हा मागून आली, आणि पार गेली. 'भोपळा राहिला' इथे आल्यावर तिने मान वर करून त्या बाईकडे पाहिलं. ज्यासाठी मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं ते घडलं होतं. माझ्या अक्षरात, माझ्या वाक्यात, आणि ते तिने नेऊन दुसरीच्या पुढ्यात ठेवलं होतं. मला आनंद झाला असं सगळ्यांना वाटेल. आनंद नंतर झाला. आधी मला त्या सुपातले तांदूळ उधळून द्यावेसे वाटले.

तिने मला पाहिलं. उठली नाही, हसलीही नाही. "भाभी, वाचते ती," म्हणाली. "आता हिला गावी ठेवायला नको."

 तिने सुपातल्या तांदळात बोटं घातली आणि खाली बघत म्हणाली, "माझ्या धाकट्याने पयला शब्द कुठचा वाचला, मना म्हाईत नाय."

मी कागद उचलला, मुलीचा हात धरला आणि घरी आले. त्या रात्री ह्यांनी वर्तमानपत्र धरलं नाही, धरायला चित्रंच नव्हती. त्यांनी मधलाच शब्द विचारला, मग शेवटचा, मग स्वतः दोन नवे शब्द लिहून दिले. तिने ते वाचले. ह्यांनी जेवताना आपणहून सांगितलं की परतीच्या बोटीत आपण तिघंही असू. मी पाणी प्यायला म्हणून उठले आणि मोरीपाशी बराच वेळ उभी राहिले.

उन्हाळा तोंडावर आला तसे दोन्ही भोपळे पिकले. मोठा आम्ही मुलांसमोर कापला. सगळ्यांनी आत हात घालून बिया काढल्या, धुतल्या, वाळत घातल्या. ज्याने आगबोट काढली होती त्याने आता कागदावर पिंपातली वेल काढली, आणि तिच्या शेवटाला भोपळा, अख्खा. धाकटा भोपळा कोणाचा, हा प्रश्न राहिला.  मुलं गेल्यावर ती बाई मला म्हणाली की तुम्ही त्याच रस्त्याने जाणार, महाड वाटेतच आहे, तर हा माझ्या मुलांना द्याल का. मी मान डोलावली. मनात आलं, हिला हाही हवा. पण या वेळी ते नुसतं आलं आणि गेलं.

कोकणात दोह्याहून भोपळा घेऊन जाणारी माझ्याखेरीज दुसरी कोणी नसेल. मुंबईच्या बंदरावर कस्टमवाल्याने तो हातात घेऊन तोलला, ठोकला, कानाशी धरून हलवला. आखातातून येणाऱ्या माणसाकडे सोनंच असणार, अशी त्यांची खात्री असायची. शेवटी त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू माझं डोकंच बिघडलेलं आहे, आणि भोपळा परत दिला. हे वाटभर कुरकुरले. मी तो मांडीवर घेऊन एसटीत बसले होते.

महाडच्या अलीकडे एका फाट्यावर उतरून आम्ही तिच्या आईच्या घरी गेलो. म्हातारीने सरबत केलं. थोरला मुलगा अदबीने बसला, चौकशा केल्या, आईची तब्येत विचारली. धाकटा आठेक वर्षांचा असेल, दाराच्या चौकटीला चिकटून उभा होता. मी भोपळा ओटीवर ठेवला आणि तिने गुंडाळून दिलेला कागद त्याच्या हातात दिला. माझाच तो दुसरा धडा, नंतर मीच तिला चित्रांसाठी दिलेला, आता चारी बाजूंनी वेलीने भरलेला. त्याने तो उलगडला आणि एका दमात वाचून टाकला, कुठेही न अडखळता. मग चित्रावरून हात फिरवला. मुंबईहून नवी पिवळी वडी आली होती, पण एका फुलाचा पिवळा बाकीच्यांपेक्षा वेगळा होता, फुलातल्या पुडीचा, जरा मातकट. हे कोणी रंगवलं, त्याने विचारलं. मी मानेनेच माझ्या मुलीकडे खूण केली.

"ती रोज माझ्या आईकडं बसते?"

"हो," मी म्हणाले.

त्याने माझ्या मुलीकडे पाहिलं. ती नजर मला ओळखीची होती. फळ्यावरचं मांजर पाहिल्यापासून मी तीच नजर घेऊन वावरत होते. फक्त त्या नजरेचा एवढा हक्क मला कधीच नव्हता. माझी मुलगी रात्री माझ्या कुशीत झोपत होती, आणि याच्या आईचा गुडघा तिकडे समुद्रापलीकडे होता, माझ्या मुलीला टेकायला.

त्याने कागद खाली ठेवला. ओटीवरच्या भोपळ्यासमोर येऊन उभा राहिला, आणि उजवा हात पुढे करून एक बोट त्याच्यावर रोखलं. ताठ, सरळ बोट. आजीकडे वाढलेला मुलगा, त्याला नियम चांगला ठाऊक होता. बोट रोखून तो माझ्याकडे बघत राहिला. माझी मुलगी घाबरून पुढे झाली, त्याचं बोट मुडपायला.

मी तिचा हात धरला.

"असू दे," मी म्हटलं. "दाखवू दे त्याला."